एकेचाळीस नंबरचा दरवळ

१

शीतखोलीच्या चौथ्या फळीवर चाळीस नंबरचा डबा होता, बेचाळीस नंबरचाही होता. मधला नव्हता. फळीवर साचलेल्या दवात एक गोल ठसा तेवढा उरला होता.

"काल संध्याकाळपर्यंत इथंच होता," लॅबच्या मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता की मागे उभ्या असलेल्या मालकांनी "काय?" म्हणून विचारलं. मॅडमनी त्या गोल ठशावर बोट ठेवलं.

तपासनीस बाईने खोलीत एकदा नजर फिरवली. कुलूप शाबूत होतं. खिडकी नव्हतीच.

ती अन्न विभागातून आली होती. वय बावन्न. विभागात एके काळी तिला 'नाक' म्हणत. तेलाची बाटली नुसती उघडून ती भेसळ सांगायची आणि मागाहून येणारा प्रयोगशाळेचा अहवाल तिच्याच म्हणण्यावर शिक्का मारायचा. दोन वर्षांपूर्वी एका तापात तिचा वास गेला तो गेलाच. आता साबण आणि चहा तिला सारखेच होते. सहकारी तिच्यासमोर जपून बोलत आणि ज्या फायलीतून काही निघणार नाही अशी सगळ्यांची खात्री असे, त्या फायली तिच्या टेबलावर येत.

ही त्यातलीच एक. गावाबाहेरच्या वृद्धाश्रमात मऊ चीज खाऊन अकरा म्हातारी माणसं आजारी पडली होती. चार गेली. फ्रीजच्या थंडीतही वाढणारा जंतू चीजमध्ये सापडला होता. हे चीज या कारखान्याच्या खास फिल्ममध्ये गुंडाळलेलं असे. लवंग आणि ओव्यासारख्या वनस्पतींचं तेल या प्लॅस्टिकच्या पोटात भरलेलं असायचं. ते हळूहळू सुटायचं आणि जंतूंना वाढू द्यायचं नाही. रसायन नाही, औषध नाही. एरवी दहा दिवस टिकणाऱ्या चीजवर या फिल्ममुळे तीस दिवसांची तारीख छापली जायची.

जंतू डेअरीत शिरला होता, यात वाद नव्हता. पण फिल्मने त्याला का रोखलं नाही? एकेचाळीस नंबरच्या बॅचमध्ये तेल होतं की नव्हतं? प्रत्येक बॅचचा एक तुकडा सीलबंद डब्यात राखून ठेवायचा नियम होता. या प्रश्नाचं उत्तर फक्त त्या डब्यात होतं.

"किल्ल्या किती आहेत?" तिने विचारलं.

"दोन. एक माझ्याकडे," मालक म्हणाले, "आणि एक यांच्याकडे."

मॅडमनी मान वर केली. "माझी लॅबच्या दारामागे खिळ्याला असते. ते इथं सगळ्यांनाच ठाऊक आहे."

मालकांनी मॅडमकडे असं पाहिलं, की चोर कोण ते त्यांच्यापुरतं ठरून गेलं.

२

मालकांच्या खोलीत भिंतभर प्रशस्तिपत्रं होती. ते बसले नाहीत, येरझाऱ्या घालत बोलत राहिले.

"तेल नव्हतं म्हणतात! एकेचाळीस निघाली त्या गुरुवारी दुपारी दोनला मी गाडीतून उतरलो, तेव्हा अख्खा रस्ता दरवळत होता. असा घमघमाट मी सहा वर्षांत अनुभवला नव्हता. मी मनात म्हटलं, आज मशीनमास्तरांनी तेल घालताना हात सैल सोडलेला दिसतो. तुम्ही समोरच्या शिंप्याला विचारा. माझ्यावर नका विश्वास ठेवू."

"स्टोअरमधून तेल पूर्ण गेलंय?"

"पिंप वजन करून जातं. ते गेलं, रिकामं परत आलं, सह्या आहेत. आमची बाजू स्वच्छ आहे, बाई. आता डबाच कोणी पळवला तर मी काय करणार?" त्यांनी आवाज खाली आणला. "मॅडम हुशार आहेत. पण आठ वर्षं घालवली या एका फिल्मवर. हे खोटं ठरलं, तर त्यांच्याकडे उरतं काय?"

रस्त्यापलीकडच्या शिंप्याला तो गुरुवार चांगला लक्षात होता.

"दातदुखीच्या औषधासारखा वास, बाई. सकाळी नव्हता. बाराचे भोंगे झाले आणि सुरू झाला. एक गिऱ्हाईक तर विचारत होतं, इथं दाताचा डॉक्टर कधी आला म्हणून. माझे डोळे चुरचुरायला लागले. कापड बाजूला ठेवून बसलो."

"थांबला कधी?"

"साडेतीनच्या सुमारास. मग खिडकी उघडली मी."

"एरवी इतका येत नाही?"

"एरवी दारात उभं राहून नाक वर केलं तर जरासा."

तिने तिन्ही वेळा लिहून घेतल्या. विभागातला दुसरा कोणी असता, तर त्याने वही मिटली असती. अख्ख्या रस्त्याला वास आला, म्हणजे तेल होतं. तिला मात्र वास नुसता ऐकावा लागत होता. त्यामुळे तो कुठून आला, कधी आला, कधी गेला, हे विचारत बसण्यावाचून इलाज नव्हता.

मॅडम लॅबमध्ये स्टुलावर बसून होत्या. समोर काचेच्या गोल थाळ्या एकावर एक रचलेल्या होत्या.

"या थाळीत जंतू पेरायचे," त्या एखाद्या विद्यार्थिनीला शिकवावं तसं सांगू लागल्या. बहुधा तेवढंच त्यांना नीट जमत होतं. "वर फिल्मचा तुकडा ठेवायचा. तेल असेल तर तुकड्याभोवती स्वच्छ कडं उमटतं. तिथं काही वाढत नाही. तेल नसेल तर जंतू तुकड्याच्या कडेपर्यंत येतात. एकेचाळीसचं कडं मी स्वतः मोजलंय. चांगलं होतं."

"तुकडे किती घेता?"

"तीन. बॅचच्या सुरुवातीचा, मधला, शेवटचा." हे सांगताना त्यांनी एक थाळी उगाच सरळ केली.

"आणि मशीन? त्यात काही बिघाड?"

"आमचे मशीनमास्तर वीस वर्षं एकच मशीन चालवतायत. फिल्मची जाडी ते बोटाने सांगतात. मशीनचा वेग ठरलेला, हीट ठरलेली. वेग वाढवायचा तर हीटही वाढवावी लागते, नाहीतर फिल्म फाटते. म्हणून दोन्ही आहेत तसेच ठेवायचे. मी बोर्डच लावलाय तिथं. सकाळी साडेसातला बॅच लागते, साडेचारला उतरते. मशीनच्या वहीतही तसंच आहे."

मशीनमास्तर उंच, किंचित वाकलेले गृहस्थ होते. हात तेलकट, पण नखं स्वच्छ कापलेली. तपासनीसने ओळख सांगायच्या आतच ते म्हणाले, "माझी आई त्या चौघांत होती."

हे तिला कोणी सांगितलं नव्हतं.

"मीच तिला तिथं ठेवलं. घरी दिवसभर एकटी पडायची. माझ्या हातची फिल्म, बाई. त्याच फिल्मचं पाकीट तिच्या ताटाशी." त्यांनी हात फडक्याला पुसले. "ज्याने हे केलं, तो मला माहीत व्हायला हवा. मग मी काय करायचं ते करीन. तुम्ही फक्त शोधून काढा."

फाटकासमोरच्या बस थांब्यावर एक बाई मांडीवर पिशवी घेऊन बसली होती. मास्तरांनी तिकडे बोट केलं. "माझी थोरली बहीण. चार दिवस झाले, रोज येऊन बसते. म्हणते, कोणी मारलं ते कळेपर्यंत येत राहणार."

तपासनीस निघाली. मास्तर मागून भराभर चालत आले आणि तिच्या गाडीच्या दारावर त्यांनी हात ठेवला.

"डबा माझ्याकडे आहे," ते म्हणाले.

३

कागदात गुंडाळलेला डबा त्यांनी जेवणाच्या पिशवीतून काढला. सील शाबूत होतं आणि त्यावरची मॅडमची सहीही.

"काल घेतला. तुम्ही येणार असं कानावर आलं आणि मालक फोनवर कुणाला तरी म्हणाले, जुने नमुने साफ करायला हवेत. मला वाटलं, जाळून टाकतील. घरी फ्रीजमध्ये ठेवला होता. उघडलेला नाही. आईची शपथ." शपथ घेऊन झाल्यावर त्यांनी डबा तिच्या हातात दिला.

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही कोणाच्या बाजूच्या, ते बघत होतो."

"आता कळलं?"

"नाही," मास्तर म्हणाले. "पण दुसरं कोण आहे?"

डबा एक रात्र बाहेर राहिला होता, एकट्या त्याच्यावर विसंबता येत नव्हतं. म्हणून तो घेऊन ती डेअरीत गेली. तिथल्या लोकांनी हात झटकून टाकले होते. पण गोदामात एकेचाळीस नंबरचा एक रोल अर्धा शिल्लक होता. बॅचमधला शेवटचा. तिने त्यातून दोन हात लांबीचा तुकडा कापून घेतला आणि पंचांच्या सह्या घेतल्या.

तिथून ती वृद्धाश्रमात पोचली, तेव्हा चार वाजायला आले होते. व्यवस्थापिका बाईंनी तिला स्वयंपाकघर दाखवलं, फ्रीज दाखवला, चौघांच्या खाटाही दाखवल्या. तीन खाटांवर नवीन माणसं आली होती. चौथीवर घडी केलेलं पांघरूण होतं.

"ही मास्तरांच्या आईची. अजून कुणाला दिली नाही. मलाच धीर होत नाही." व्यवस्थापिकांनी उशी सारखी केली. "ते चीज त्यांना फार आवडायचं. दात नव्हते ना. मऊ लागायचं. स्वतःचं संपवून शेजारणीचंही मागायच्या."

"मुलगा येत असे?"

"एकही गुरुवार चुकला नाही. गुरुवारी चार ते पाच भेटायची वेळ. पण कारखाना साडेचारला सुटतो, बस धरून येईपर्यंत पाचला दहा कमी. हे दहा मिनिटं बसायचे की घंटा. म्हातारी चिडवायची, तू आलास की मला कळतं, जायची वेळ झाली." त्यांना हसू आलं आणि लगेच ते ओसरलं. "एकदाच वेळेवर आले. चारच्या ठोक्याला. त्या दिवशी तासभर पत्ते खेळली दोघं. आठवडाभर म्हातारी तेच सांगत होती सगळ्यांना."

तपासनीसने हातातलं पेन वहीवर टेकवलं, पण ते हललं नाही.

"कुठला गुरुवार होता हो तो?"

व्यवस्थापिकांनी भेटीची वही काढली. पान सापडायला वेळ लागला नाही. तारीख ओळखीची होती. एकेचाळीस नंबरची बॅच निघाली, त्याच दिवसाची.

४

दुसऱ्या दिवशी सकाळी लॅबच्या टेबलावर दोन थाळ्या होत्या. मालक उभे होते, मॅडम उभ्या होत्या. तपासनीसने झाकणं स्वतः काढली.

पहिली थाळी परत मिळालेल्या राखीव डब्यातल्या तुकड्याची; डबा कुणी दिला ते तिने सांगितलं नव्हतं. तुकड्याभोवती बोटभर रुंदीचं स्वच्छ कडं होतं, जणू कोणी पुसून घेतलं असावं.

"बघा!" मालक जवळजवळ ओरडले. "तेल आहे! मी काय सांगत होतो?"

दुसरी डेअरीतल्या रोलची. तिथं कडं नव्हतं. जंतूंचा पांढुरका थर तुकड्याच्या काठापर्यंत पोचला होता आणि एका बाजूने वरही चढला होता.

मालक दोन्ही थाळ्यांकडे आळीपाळीने पाहत राहिले. "म्हणजे रोल बदलला. डेअरीवाल्यांनी स्वस्तातली फिल्म वापरली आणि आमच्या नावावर…"

"रोलवर तुमचा शिक्का आहे. मी डब्याचं सील आणि रोलचा शिक्का दोन्ही तपासलेत. दोन्ही एकाच बॅचचे."

"एकाच बॅचमध्ये एक तुकडा चांगला आणि एक वाईट, हे कसं होईल?"

"मॅडम," तपासनीस म्हणाली, "तीन तुकडे कुठून घेतलेत?"

मॅडम खाली बसल्या.

"सुरुवातीचे," त्या म्हणाल्या. "तिन्ही. सकाळी आठला एकदमच कापले आणि वहीत सुरुवात, मध्य, शेवट लिहिलं. राखीवही त्यातलाच."

"का?"

"पहिले सहा महिने मी रोज तीनदा जिना उतरत होते. तिन्ही कडी सारखीच यायची. नेहमी सारखीच. मग दोनदा उतरू लागले. मग…" त्यांनी थाळीचं झाकण उचललं आणि परत ठेवलं. "मला खात्री होती हो. माझ्या फिल्मबद्दल मला इतकी खात्री होती."

मालक काही बोलणार होते. तपासनीसने त्यांना हाताने थांबवलं.

"हा डबा जाग्यावर राहिला असता, तर मी फक्त त्यातल्या तुकड्याचं कडं बघून फाईल मिटवली असती. सगळं डेअरीवर गेलं असतं. पुढची बॅच तुम्ही तशीच काढली असती." ती खिडकीकडे वळली. खाली रस्त्यापलीकडे शिंपी मान खाली घालून मशीन चालवत होता. "तुम्ही सगळे मला एकच सांगत होतात, त्या दिवशी वास केवढा आला. मला वास येत नाही, म्हणून मी दुसरंच विचारत बसले. तेल फिल्ममध्ये असायला हवं होतं. मग ते बारा वाजल्यापासून रस्त्यावर काय करत होतं?"

मॅडमच्या तोंडून एक आवाज निघाला. त्यांना कळलं होतं.

"हीट," त्या म्हणाल्या. "हीट वाढवली कुणीतरी. तेल उडून गेलं. आणि मलाही वाटलं, वास येतोय म्हणजे तेल भरपूर आहे."

५

तपासनीसला हे मशीनजवळ बोलायचं नव्हतं. तिने मास्तरांना वर बोलावलं, मालकांना बाहेर बसवलं. मॅडमनी जायला नकार दिला.

काल आश्रमातून परतल्यापासून तिच्या मनात एक वाक्य तयार होतं. 'पुराव्याअभावी निष्कर्ष काढता आला नाही.' तिने अशी वाक्यं पूर्वी लिहिली होती. ते लिहिलं असतं तर या माणसाने आयुष्यभर एका अनोळखी खुन्याचा द्वेष केला असता, आणि तो द्वेष त्याला उभं राहायला पुरला असता. पण मशीनवरचं हीटचं बटण उघडंच होतं. उद्या-परवा कोणीतरी ते पुन्हा फिरवलं असतं.

मास्तर आले. त्यांनी थाळ्या पाहिल्या आणि काही न विचारता त्यांना फरक कळला.

"ही सुरुवात," तपासनीस म्हणाली, "आणि हा शेवट. तेल पिंपातून पूर्ण मशीनमध्ये गेलं होतं. सुरुवातीला फिल्ममध्ये होतं, शेवटी नाही. दुपारी बारापासून रस्त्यावर वास. हे कसं होतं? मशीन तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं."

मास्तरांनी दुसरी थाळी उचलून उजेडाकडे धरली. ते कामाला लागलेल्या माणसासारखे दिसले.

"म्हणजे फिल्ममधून उडालं," ते सावकाश म्हणाले. "गरम होऊन. आतलं तेल उडायचं म्हणजे हीट पंधरा-वीस अंश तरी वाढायला हवी. कोणीतरी बारा वाजता माझ्या मशीनची… पण मी जेवायलाही मशीन सोडून गेलो नव्हतो. उभ्या उभ्याच खाल्लं. त्या दिवशी मला लवकर…"

थाळी त्यांच्या हातात होती. मॅडमनी ती हळूच काढून घेतली, कारण ती आता पडली असती.

"मला लवकर जायचं होतं," मास्तर म्हणाले.

ते मॅडमच्या स्टुलावर बसले.

"वेग वाढवला तर फिल्म फाटायला लागली. म्हणून हीट अठरा अंश वर नेली. मग फाटली नाही. सुरेख निघाली. मी हात लावून बघितली, जाडी एकसारखी. साडेतीनला बॅच उतरली. वहीत साडेचार लिहिलं, कुणी विचारू नये म्हणून." त्यांनी मॅडमकडे पाहिलं. "तुमचा बोर्ड आहे. वाढवू नये. मला वाटायचं, वीज वाचवायला लावलाय. हीट वाढली की तेल जातं, हे कुठं लिहिलं होतं?"

"नाही लिहिलं," मॅडम म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसत नव्हत्या. "मी फक्त वाढवू नये असं लिहिलं. का, ते नाही लिहिलं."

"विचारायला हवं होतं मी."

"सांगायला हवं होतं मी."

"एक तास," मास्तर म्हणाले. ते तपासनीसकडे वळले. आता त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आणि रागाशिवाय तो चेहरा फार म्हातारा दिसत होता. "म्हणजे मीच ना, बाई? दुसरं कोणी नाही?"

जिथून जंतू शिरला ती डेअरीतली गलिच्छ मोरी होती. मॅडमचे तीन तुकडे होते. तीस दिवसांच्या तारखेवर समाधानी असलेले, बटणाला साधं कुलूपही न लावणारे मालक होते. हे सगळं ती अहवालात लिहिणार होती, आणि ते सगळं खरं होतं.

"तुम्ही एकटे नाही," ती म्हणाली.

"पण मी आहे."

"हो."

६

मालकांनी दारातून अर्धवट ऐकलं होतं. "म्हणजे कामगाराची चूक," ते सुटकेचा श्वास टाकत म्हणाले. तपासनीसने त्यांना उत्तर दिलं नाही. तिने मशीनला सील लावलं, तयार असलेले सगळे रोल जप्त केले, दोन्ही वह्या ताब्यात घेतल्या. मालकांचा श्वास पुन्हा अडकलेला तिला ऐकू आला. त्याचंही तिला समाधान वाटलं नाही.

ती बाहेर आली तेव्हा मास्तर रस्ता ओलांडून बस थांब्यावर पोचले होते. बहीण उभी राहिली. मास्तर काय बोलले ते इतक्या लांबून ऐकू येणं शक्य नव्हतं. चारच वाक्यं असतील. बहिणीने त्यांच्या दंडाला धरलं, बहुधा पुन्हा सांग म्हणाली. त्यांनी पुन्हा सांगितलं. तिने हात सोडला.

बस आली. बहीण चढली. कंडक्टरने मास्तरांसाठी दार क्षणभर उघडं ठेवलं. आतून बहीण काहीतरी बोलली आणि दार लागलं.

तपासनीस त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिली. मास्तर बस गेलेल्या दिशेला पाहत होते.

"बाकी तिघांच्या घरच्यांना कोण सांगणार?" त्यांनी विचारलं.

"विभागाचं पत्र जाईल."

"कधी?"

"तीन-चार महिने लागतील. अहवाल मंजूर व्हायला हवा."

"आणि पत्रात काय असेल?"

तिला ते पत्र पाठ होतं. उत्पादनप्रक्रियेतील त्रुटी. योग्य ती कार्यवाही. "फारसं काही नसेल," ती म्हणाली.

"पत्ते द्या मला."

"मला तसं करता येत नाही."

"मग मी दारोदार विचारत फिरेन. ते बरं दिसेल?"

तिने वहीचं पान फाडलं. तीन पत्ते लिहिले. नोकरीत पहिल्यांदाच ती असं काही करत होती. मग गाडीचं दुसरं दार उघडून म्हणाली, "बसा."

पहिलं घर एका तिमजली इमारतीत तळमजल्यावर होतं. दार एका म्हाताऱ्या गृहस्थांनी उघडलं. पायात दोन वेगळ्या जोडांतल्या चपला. यांची बायको आश्रमात होती. दोघांना एकत्र ठेवायला तिथं जागा नव्हती, म्हणून हे घरी राहून दर गुरुवारी जाऊन बसायचे. हे सगळं फायलीत एका ओळीत होतं.

"आत या, आत या," ते म्हणाले. कोण, कुठले, काही विचारलं नाही. कोणी आलंय याचाच त्यांना आनंद झालेला दिसला. त्यांनी खुर्चीवरचे कपडे उचलले, दुसरी खुर्ची ओढून आणली, दोन पेले पाणी आणलं. एक पेला थोडा सांडला, तो त्यांनी स्वतःच्या सदऱ्याने पुसला.

मास्तर खुर्चीत टेकले नाहीत. पेला हातात धरून उभेच राहिले.

"माझी आईही त्याच आश्रमात होती," ते म्हणाले.

"अरे देवा." म्हातारे दोन पावलं पुढे आले. त्यांनी मास्तरांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, पेल्यासकट. "तुमचीही गेली? बसा बाळा, बसा. मला कळतं हो. दुसऱ्या कुणाला नाही कळणार, मला कळतं."

ते मास्तरांचा हात थोपटत राहिले. मास्तरांनी तो काढून घेतला नाही. त्यांना काढता येईना. तपासनीस दाराजवळ उभी होती आणि तिने मान खाली घातली.

"बोला," म्हातारे म्हणाले. "काय बोलायला आला होतात?"

मास्तरांनी हात सोडवून घेतला, पेला खाली ठेवला आणि सांगायला सुरुवात केली.